उभा अँटेना, पायाशी ट्यूनर

हॅम रेडिओच्या ४० मीटर बँडसाठी (७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ) पाव तरंगाचा उभा अँटेना सुमारे १० मीटर उंच लागतो. आखूड काठीवरही काम भागते, पण मग ट्यूनर तिच्या पायाशीच हवा. तो खोलीत ठेवला, तर जुळणी फक्त रेडिओपुरती होते आणि मधल्या कोअ‍ॅक्स केबलमध्ये बरीच शक्ती उष्णता होऊन वाया जाते. ट्यूनरला १२ व्होल्ट त्याच केबलमधून किंवा वेगळ्या वायरीने पोचवतात. ७ मीटरची काठी मात्र टाळावी. २१ मेगाहर्ट्झवर ती जवळपास अर्ध्या तरंगाएवढी भरते, पायाशी व्होल्टेज चढते आणि ट्यूनर हात टेकतो.

खरी मेहनत जमिनीवरची. नागपूरची काळी माती पावसाळ्यात ओली असताना साथ देते, मे महिन्यात भेगाळून कोरडी पडते. म्हणून तिच्या भरवशावर न राहता काठीभोवती रेडियल तारा पसराव्यात, जितक्या जास्त तितके बरे. ट्यूनरच्या पेटीवर सावली हवीच. इथला उन्हाळा ४५ अंशांपुढे जातो. आभाळ गडगडण्याआधी केबल सोडवून ठेवावी. आणि परवान्याशिवाय प्रक्षेपण करू नये. त्यासाठी केंद्राच्या दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते.