कादंबरीचे माध्यमांतर आणि वाचकाची तक्रार

एखाद्या लोकप्रिय कादंबरीवर चित्रपट निघाला की तिच्या वाचकांकडून दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. पहिली तक्रार पात्रयोजनेविषयी असते : आमच्या मनातला नायक असा नव्हता. दुसरी कथानकाविषयी असते : पुस्तकात असे घडत नाही. समीक्षेने या तक्रारींकडे बहुधा दुर्लक्ष केले आहे. कादंबरी शब्दांची कला आहे, चित्रपट दृश्याची. तेव्हा एकीच्या मापाने दुसऱ्याला मोजू नये, हे उत्तर ठरलेले असते. जॉर्ज ब्लूस्टोन यांनी १९५७ च्या आपल्या ग्रंथात कादंबरी व चित्रपट यांच्या माध्यमभेदाची जी मांडणी केली, तिचा आधारही या उत्तराला मिळतो. उत्तर चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. बदल का करावा लागतो हे त्यातून कळते; वाचक का दुखावतो हे कळत नाही. प्रस्तुत लेखात या दुखावण्याचे स्वरूप काही मराठी उदाहरणांच्या आधारे तपासावयाचे आहे. ही तक्रार म्हणजे केवळ अरसिकाचा हट्ट नसून वाचनप्रक्रियेविषयीचा तो एक महत्त्वाचा पुरावा आहे, हे येथील प्रतिपादन आहे.

(१)

प्रथम पात्रयोजनेचा प्रश्न. वाचक कादंबरी वाचताना पात्राची प्रतिमा मनात उभी करतो, असे आपण सहज म्हणतो. पण ही प्रतिमा छायाचित्रासारखी पूर्ण नसते. वोल्फगांग ईझर यांनी वाचनप्रक्रियेचे विवेचन करताना फील्डिंगच्या ‘टॉम जोन्स’ या कादंबरीचे व तिच्यावरील चित्रपटाचे उदाहरण घेतले आहे. कादंबरी वाचलेल्या प्रेक्षकाला पडद्यावरचा नायक उणा वाटतो, कारण वाचताना त्याच्या मनातील नायकाला अनेक शक्यता होत्या. पडद्यावर त्यांतील एकच उरते. म्हणजे ‘तो असा नव्हता’ असे वाचक म्हणतो तेव्हा त्याच्यापाशी दुसरा निश्चित चेहरा असतोच असे नाही. ‘मग कसा होता?’ या प्रश्नाचे नेमके उत्तर त्याला अनेकदा देता येत नाही. त्याची तक्रार चुकीच्या चेहऱ्याविषयी असते त्यापेक्षा अधिक ती निश्चित चेहऱ्याविषयीच असते.

भारतीय काव्यशास्त्रातील रसविघ्नांची चर्चा या ठिकाणी उपयोगी पडते. पात्राचा अनुभव विशिष्ट व्यक्तीचा, विशिष्ट देशकालाचा म्हणून भासत राहिला तर साधारणीकरण होत नाही. म्हणून रंगभूमीवर मुकुट, शिरोवेष इत्यादींनी नटाचे स्वतःचे रूप झाकले जाते, असे अभिनवगुप्ताने म्हटले आहे. चित्रपटातील ताऱ्याची व्यवस्था नेमकी उलट आहे. तेथे नटाचे स्वतःचे रूप झाकायचे नसून विकायचे असते. प्रेक्षक त्याच्या पूर्वीच्या भूमिका स्मरणात घेऊनच चित्रपटगृहात शिरतो. वाचकाच्या मनातील अनिश्चित पात्रावर अशा वेळी दुहेरी निश्चितता लादली जाते : एक नटाच्या देहाची आणि दुसरी त्याच्या कीर्तीची.

सुहास शिरवळकर यांची ‘दुनियादारी’ (१९८२) आणि मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) या दोन कादंबऱ्यांच्या रूपांतरांची तुलना या संदर्भात उद्बोधक ठरते. २०१३ साली संजय जाधव यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘दुनियादारी’त महाविद्यालयीन श्रेयसची भूमिका स्वप्नील जोशी यांच्याकडे होती. त्यांचे वय तेव्हा पस्तिशीच्या घरात होते आणि ‘मुंबई-पुणे-मुंबई’ (२०१०) मुळे त्यांची प्रेमपटांचा नायक ही ओळख पक्की झालेली होती. कट्ट्यावरच्या मुलांमध्ये स्वतःला पाहिलेल्या जुन्या वाचकांना ही मुले मोठी माणसे वाटली, यात आश्चर्य नाही. उलट सुजय डहाके यांच्या ‘शाळा’त (प्रदर्शन २०१२) अंशुमन जोशी आणि केतकी माटेगावकर ही प्रत्यक्ष किशोरवयीन मुले मुकुंद व शिरोडकर म्हणून आली. प्रेक्षकांच्या मनात त्यांची नायक-नायिका म्हणून ठरीव ओळख नव्हती. त्यामुळे चेहरा निश्चित झाला तरी तो कीर्तीने व्यापलेला नव्हता. वाचकाच्या कल्पनेला थोडी जागा उरली.

यावरून प्रसिद्ध नट नेहमीच अडसर ठरतो असा नियम मात्र काढता येणार नाही. अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ व ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकर यांनी पटकथा लिहिली आणि जब्बार पटेल यांनी १९७९ साली ‘सिंहासन’ केला. त्यातील पत्रकार दिगू टिपणीस निळू फुले यांनी साकारला. ‘सामना’तील (१९७५) साखरसम्राटासारख्या भूमिकांनी घडलेली त्यांची प्रतिमा येथे मुद्दाम बाजूला ठेवण्यात आली. सत्ता गाजवणारा म्हणून परिचित असलेला चेहरा सत्तेचा हताश साक्षीदार झाला. तेव्हा प्रश्न नटाच्या प्रसिद्धीचा नसून ती प्रसिद्धी पात्रासाठी वापरली जाते की पात्र प्रसिद्धीसाठी वापरले जाते, हा आहे.

(२)

कथानकातील बदल हा तक्रारीचा दुसरा विषय. ‘कथा बदलली’ या एकाच शब्दप्रयोगात तीन निरनिराळ्या क्रिया एकत्र केल्या जातात, त्या वेगळ्या करणे आवश्यक आहे. पहिली वगळण्याची. दोन-अडीच तासांत कादंबरीतील सर्व प्रसंग मावत नाहीत, हे वाचकही जाणतो. त्याचा रोष येथे सहसा टिकाऊ नसतो. दुसरी भर घालण्याची. वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’ (१९७०) या नाटकावर महेश मांजरेकर यांनी २०१६ मध्ये चित्रपट केला तेव्हा मूळ संहितेत नसलेले रामभाऊ हे पात्र त्यात आले आणि विक्रम गोखले यांनी ते साकारले. बेलवलकरांच्या स्वगतांना ऐकणारा आणि उत्तर देणारा एक समवयस्क त्यामुळे मिळाला. रंगभूमीवर स्वगत प्रेक्षकांना उद्देशून येते. पडद्यावर त्याला श्रोता लागतो. ही भर माध्यमाच्या गरजेतून समजून घेता येते. तिने बेलवलकरांचा एकाकीपणा सौम्य केला काय, हा प्रश्न मात्र उरतोच.

तिसरी क्रिया अर्थ बदलण्याची, आणि खरा वाद येथे आहे. शेवट बदलला की आधीच्या सर्व घटनांचा अर्थ मागे जाऊन बदलतो. ‘दुनियादारी’च्या चित्रपटात कादंबरीचा शेवट राहिला नाही. वाचकांना खटकले ते केवळ ‘वेगळे घडले’ म्हणून नव्हे. कादंबरीच्या शीर्षकातच व्यवहारी जगाचा कडवट अनुभव आहे. तरुणपणीच्या निष्ठा जगाच्या रीतीपुढे टिकतात की नाही, हा तिचा प्रश्न आहे. चित्रपटाने प्रेम आणि मैत्री यांच्या भावोत्कट गौरवाकडे कल दिला, तेव्हा त्या प्रश्नाची धार कमी झाली. येथे वाचक तपशिलाचे नव्हे तर अर्थाचे रक्षण करू पाहतो. आर. के. नारायण यांची याच जातीची तक्रार प्रसिद्ध आहे. ‘द गाइड’वरील १९६५ च्या चित्रपटात त्यांच्या मालगुडीची जागा राजस्थानातील भव्य स्थळांनी घेतली, त्याविषयीची नाराजी त्यांनी एका उपरोधिक लेखात नोंदवली. मालगुडीचे लहानपण हे केवळ स्थळवर्णन नव्हते, तो राजूच्या कथेचा पायाच होता.

तथापि प्रत्येक अर्थबदल ही हानी मानावी काय? सत्यजित राय यांच्या ‘चारुलता’वर (१९६४) रवींद्रनाथांच्या ‘नष्टनीड’पासून दूर गेल्याचा आक्षेप अशोक रुद्र यांनी घेतला, तेव्हा राय यांनी बदलांची कारणमीमांसा करणारे सविस्तर उत्तर लिहिले. आक्षेप घेणाऱ्याने मूळ कथा बारकाईने वाचली होती आणि दिग्दर्शकानेही ती तितक्याच बारकाईने वाचली होती, म्हणून तो वाद फलदायी झाला. रूपांतर हे मुळात एक वाचन आहे. ते वाचन मूळ कृतीशी झगडून सिद्ध झाले आहे की बाजाराच्या सोयीने, एवढेच विचारणे रास्त ठरते.

(३)

या दोन्ही तक्रारींच्या मुळाशी आणखी एक हानी असते आणि वाचकाला तिचे नाव बहुधा सापडत नाही. ती म्हणजे निवेदकाच्या आवाजाची. ‘शाळा’तील मुकुंद प्रथमपुरुषी निवेदक आहे. आणीबाणीच्या काळातील नववीचा वर्ग, मित्रांची टोळी, घरातली माणसे, शिरोडकर हे सारे वाचकाला भेटते ते त्याच्या भाषेतून. शिरोडकर कशी दिसते यापेक्षा मुकुंदला ती दिसली की त्याच्या वाक्यांचे काय होते, हे तेथे महत्त्वाचे आहे. कादंबरीत मुकुंद पाहतो. चित्रपटात मुकुंद दिसतो. पार्श्वनिवेदनाने हे अंतर कमी करता येते, नाहीसे करता येत नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ची (१९५५) आणि अमोल पालेकर यांच्या १९९५ च्या चित्रपटाची जोडी हेच सांगते. माळ, मेंढरे, दुष्काळ हे कॅमेऱ्याला टिपता येतात. पण तरुण मास्तराच्या निवेदनातील संयम, न बोलता सोडलेल्या जागा, यांना दृश्यात प्रतिशब्द शोधावा लागतो. ‘हा मुकुंद नव्हे’ असे म्हणणारा वाचक अनेकदा चेहऱ्यावर आक्षेप घेत असतो, पण त्याला ऐकू न आलेला असतो तो आवाज.

(४)

ही तक्रार कोण करतो, याचाही विचार व्हावा. शिरवळकरांच्या कादंबऱ्या प्रामुख्याने वाचनालयांतून, हातोहात फिरत वाचल्या गेल्या. विद्यापीठीय समीक्षेने त्यांची फारशी दखल घेतली नाही. २००३ साली लेखकाचे निधन झाले होते. म्हणजे चित्रपट आला तेव्हा मूळ कृतीच्या बाजूने बोलायला ना लेखक होता, ना समीक्षेची परंपरा. ती जबाबदारी वाचकांनी स्वतःकडे घेतली. ज्या पुस्तकाला अभ्यासक्रमाचे संरक्षण असते, त्याचा मूळ पाठ चित्रपटानेही हरवत नाही; ज्याला ते नसते, त्याच्या वाचकांना चित्रपट हाच पुस्तकाचा अंतिम पाठ ठरेल अशी भीती वाटते. लोकप्रिय साहित्याच्या वाचकाचा त्रागा म्हणूनच अधिक तीव्र असतो, आणि तो अकारण नसतो.

या भीतीत तथ्य किती, हे ‘श्यामची आई’च्या उदाहरणावरून दिसते. आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या चित्रपटात आईची भूमिका वनमाला यांनी केली. ‘सिकंदर’ (१९४१) सारख्या चित्रपटांतून तारका म्हणून गाजलेल्या अभिनेत्रीला कोकणातील गरीब घरची आई करणे हे तसे धाडसच होते. चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आणि पुढील पिढ्यांच्या मनात साने गुरुजींच्या पुस्तकातील आईला वनमाला यांचा चेहरा चिकटला. २०२३ मध्ये सुजय डहाके यांनी याच पुस्तकावर कृष्णधवल चित्रपट केला, तेव्हा त्यांच्यापुढे पुस्तकाबरोबर जुना चित्रपटही उभा होता. पात्रयोजना एकदा रुजली की तीच मूळ संहितेचा भाग होऊन पुढच्या रूपांतराला अडवते.

लिंडा हचन यांनी मूळ कृती जाणणारा आणि न जाणणारा असे प्रेक्षकाचे दोन प्रकार मानले आहेत. महाविद्यालयाच्या वर्गात आज दुसऱ्या प्रकारचा विद्यार्थी मोठ्या संख्येने बसलेला असतो : त्याने चित्रपट आधी पाहिलेला असतो, कादंबरी नंतर हाती घेतलेली असते. त्याची तक्रार उलट असू शकते. पुस्तकात चित्रपटासारखे नाही, अशी. अध्यापकाने या दोन्ही तक्रारी हसून सोडून देऊ नयेत. चित्रपट मूळ कृतीशी प्रामाणिक आहे काय, या प्रश्नाऐवजी नेमके काय हरवले, चेहरा, प्रसंग, अर्थ की आवाज, असा प्रश्न विचारला तर विद्यार्थी उत्तरासाठी पुन्हा पुस्तकाच्या पानाकडे वळतो. आपली नाराजी शब्दांत मांडण्यासाठी त्याला निवेदन, दृष्टिकोन, शेवटाची योजना यांचा विचार करावाच लागतो. दुखावलेला वाचक हा बारकाईने वाचणारा वाचक असतो. त्याला आपल्या दुखण्याचे नाव शोधण्यास मदत करणे, हे साहित्याच्या अध्यापनाचे एक काम आहे.