शिवारातील वाट कोणाची?

चैत्रात आपल्या खानदेशातून सप्तशृंगगडाकडे पायी निघालेल्या यात्रेकरूंच्या रांगा आपण पाहतोच. त्या सुमारास रब्बी निघून रान मोकळे झालेले असते. मेंढपाळाला कोणी अडवीत नाही; उलट खतासाठी मेंढ्या बसवा म्हणून शेतकरीच बोलावतो. पण ही मोकळीक हक्काची की केवळ रीतीची? केळीच्या बागेभोवती तार पडली की हा प्रश्न उभा राहतो.

इंग्लंडात 1932 साली किंडर स्काउट डोंगरावर शेकडो लोक मनाई मोडून चढले. काहींना तुरुंगवास घडला. पुढे 2000 साली तेथे ठरावीक डोंगर व माळांवर सर्वांना पायी हिंडण्याचा कायदेशीर हक्क मिळाला. आपल्याकडे तसा हक्क नाही. घटनेच्या 19 व्या कलमाने देशभर संचाराचे स्वातंत्र्य दिले, तरी त्याच्या बळावर दुसऱ्याच्या शेतातून जाता येत नाही. आपला कायदा रान ओळखीत नाही, वाट ओळखतो.

अशा वाटा तीन. पहिली गावनकाशातली : गाडीवाट दोन तुटक रेघांची, पायवाट एका तुटक रेघेची. सार्वजनिक वाट सरकारची, म्हणजेच सर्वांची. ती नांगरून टाकण्याचा अधिकार कोणासही नाही. दुसरी बांधावरची : 1966 च्या जमीन महसूल अधिनियमाच्या 143 व्या कलमाप्रमाणे शेतात जाण्यासाठी दुसऱ्याच्या बांधावरून वाट मागता येते, निर्णय तहसीलदार देतो. तिसरी वहिवाटीची. ज्या 1906 साली खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले, त्याच सालच्या मामलेदार न्यायालय अधिनियमाने शेतात किंवा चराईच्या जागी जाण्याच्या वहिवाटीच्या वाटेवरील अडथळा दूर करून घेता येतो. मात्र दावा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. आषाढात कुंपण पडले आणि शेजारधर्म म्हणून होळीपर्यंत गप्प राहिलो, की हा दरवाजा बंद!

यातली मेख अशी की, 143 वे कलम जमीनधारकापुरते, आणि वहिवाटीचा दावा शेताच्या वा चराईच्या वापरापुरता. मोळी घेऊन येणाऱ्या भूमिहीन बाईने कशावर बोट ठेवावे? तिच्याजवळ गावनकाशातली एक तुटक रेघ तेवढी आहे. आणि न वापरलेली पायवाट दोन पावसाळ्यांत गवताखाली जाते, पुढे नांगराखाली. म्हणून आमचे सांगणे एवढेच : आपल्या गावचा नकाशा एकदा पाहा, आणि त्यातली वाट पायांखाली घाला.