पाटी पडली, पण गाडी उभी आहे!

समजा, तुम्ही रत्नागिरीच्या एस.टी. स्थानकावर उभे आहात. गणपतीपुळ्याला जायचंय. पण काय झालं, रात्रीतून सगळ्या पाट्या गळून पडल्या! गाड्या उभ्या आहेत, चालक आहेत, वाहक आहेत. तरी माणसांची नुसती धावपळ. कारण कुठली गाडी कुठं लागते, तेच कळत नाही.

संकेतस्थळाचा, म्हणजे वेबसाइटचा मेनू एकाएकी बिघडला की अगदी असंच होतं. मेनू म्हणजे पानाच्या माथ्यावर दिसणारी शब्दांची ओळ. समजा, तुमच्या वर्गानं 'आपली रत्नागिरी' नावाचं संकेतस्थळ केलं. त्याच्या मेनूत असेल : टिळक जन्मस्थान, थिबा राजवाडा, रत्नदुर्ग, पतितपावन मंदिर, संपर्क. काल सगळं छान दिसत होतं. आज उघडलं, तर शब्द एकाखाली एक घसरलेत, किंवा गायबच! आतली पानं मात्र सुखरूप असतात. फक्त दार सापडत नाही.

तुम्ही म्हणाल, "त्यात एवढं काय? उद्या बघू." पण २२ जुलै २०२१ हा दिवस आठवा. वाशिष्ठीला महापूर आला आणि चिपळूण पाण्यात गेलं. अशा वेळी वरच्या मजल्यावर अडकलेलं कुणी मोबाइलवर मदतीचा क्रमांक शोधत असेल, चार्जिंग जेमतेम उरलं असेल, आणि 'आपत्कालीन संपर्क' ही पाटीच उमटली नाही तर? म्हणजे मेनू ही नुसती शोभा नव्हे, बरं का! म्हणून आज आपण मेनूचे डॉक्टर व्हायचं.

घर कसं बांधलंय?

डॉक्टरला आधी शरीर माहीत हवं. वेबचं पान म्हणजे आपलं कोकणी घर समजा. चिऱ्याच्या भिंती म्हणजे एचटीएमएल. त्यात मजकूर असतो, मेनूतले शब्द असतात. जगातलं पहिलं संकेतस्थळ टिम बर्नर्स-ली यांनी 'सर्न' या युरोपातल्या संशोधन संस्थेत केलं आणि १९९१ मध्ये ते जगासाठी खुलं झालं. त्यात रंगबिंग काही नव्हतं, नुसत्या भिंती!

रंगरंगोटी आणि मांडणी म्हणजे सीएसएस. ही कल्पना हॉकोन ली यांनी १९९४ मध्ये मांडली. आणि दारांच्या बिजागऱ्या म्हणजे जावास्क्रिप्ट. बोट लावलं की मेनू उघडतो, तो तिच्यामुळे. ब्रेंडन आईक यांनी १९९५ मध्ये ती अवघ्या दहा दिवसांत तयार केली होती!

ही तीन कामं बहुधा वेगवेगळ्या फायलींत असतात. त्यातली एखादी पोचली नाही की घराचा तेवढाच भाग बिघडतो.

लक्षणं ओळखा

१) शब्द दिसतात, पण एकाखाली एक, पुढे काळे ठिपके : हे सीएसएसचं दुखणं. मेनू मुळात एक साधी यादी असते. ठिपके लपवून शब्द एका ओळीत बसवायचं काम सीएसएस करतं. ते आलं नाही की यादी आपल्या मूळ रूपात उघडी पडते.

२) मेनू छान दिसतो, पण बोट लावलं तरी उघडत नाही : बिजागरी अडकली. जावास्क्रिप्ट तपासा.

३) एखादाच शब्द गायब : भिंतीचा चिरा निघाला. एचटीएमएल पाहा.

४) मराठीच्या जागी चौकोन किंवा भलतीच अक्षरं : चौकोन दिसले तर त्या यंत्रात देवनागरी फाँट नाही. भलतीच अक्षरं आली तर पानानं आपली लिपी कुठल्या पद्धतीनं साठवली आहे, ते नीट सांगितलेलं नाही. युनिकोडनं देवनागरीसाठी १२८ जागा राखून ठेवल्या आहेत. पानाच्या सुरुवातीला 'यूटीएफ-८' अशी नोंद असली की संगणक बरोबर वाचतो.

५) शब्द जाऊन तीन आडव्या रेघा आल्या : हा आजारच नाही! पडदा लहान असला की मेनू त्या रेघांमागे जाऊन बसतो. संगणकावर चुकून अक्षरं मोठी केली तरी असं होतं. कंट्रोल आणि शून्य ही बटणं एकत्र दाबा, पान मूळ आकारात येईल.

आता उपाय, पण क्रमानं

पहिला प्रश्न : सगळ्यांकडे बिघडलंय की फक्त माझ्याकडे? दुसऱ्या ब्राउझरमध्ये किंवा आईच्या मोबाइलवर उघडून पाहा. तिथं ठीक दिसत असेल, तर बहुधा दोष आपल्याच यंत्रात आहे.

दुसरी पायरी : साठवण. ब्राउझर एकदा आणलेल्या फायली जपून ठेवतो, म्हणजे पुन्हा आणायला नकोत. पण पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं आणि घरच्या भिंतीवर जुनाच कागद चिकटलेला असतो, तशी गंमत होते. नवं पान आणि जुनं सीएसएस यांचं जुळत नाही. विंडोजच्या संगणकावर कंट्रोल आणि एफ-५ एकत्र दाबलं की फायली नव्यानं येतात. पुष्कळदा एवढ्यावरच काम भागतं.

तिसरी पायरी : शेवटचा बदल कोणता केला? काल नवं पान जोडलं? फाईलचं नाव बदललं? इथं एक गंमत सांगतो. विंडोजच्या संगणकाला फाईलच्या नावातलं इंग्रजी मोठं 'एस' आणि छोटं 'एस' सारखंच वाटतं. पण संकेतस्थळं ज्या मोठ्या संगणकांवर ठेवतात, ते बरेचदा लिनक्सवर चालतात. त्यांना ती दोन वेगळी नावं वाटतात! म्हणून घरी नीट दिसलेला मेनू इंटरनेटवर चढवला की कोसळतो. महिरपी कंसाचंही तसंच. गणितात कंस बंद करायचा राहिला की उत्तर चुकतं ना? सीएसएसमध्ये एक कंस राहिला की पुढच्या ओळी बिघडतात.

चौथी पायरी : संगणकालाच विचारा. बऱ्याच ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबलं की एक खिडकी उघडते. तिच्यातल्या 'कन्सोल' भागात चुका लाल रंगात दिसतात. '४०४' असा आकडा दिसला तर समजा, मागितलेली फाईल त्या जागी नाही. ती ओळ नीट वाचा, फाईलचं नावच तिथं लिहिलेलं असतं.

"पण आम्ही काहीच बदललं नाही!"

तेही खरं असू शकतं. पूर्वी कितीतरी संकेतस्थळांचे हलते-झुलते मेनू 'फ्लॅश'मध्ये केलेले असत. अडोबी कंपनीनं ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार थांबवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून ते चालणंच बंद झालं. मेनूच्या जागी रिकामा चौकोन! मालकानं काही केलं नव्हतं, भोवतालचं जग बदललं होतं.

दुसरी गोष्ट मार्च २०१६ची. 'लेफ्ट-पॅड' नावाचा जेमतेम ११ ओळींचा एक तुकडा त्याच्या कर्त्यानं सामायिक कोठारातून काढून घेतला. त्याच्यावर विसंबलेली जगभरची असंख्य कामं अडून बसली. शेजाऱ्याच्या शिडीवर आपलं छप्पर टेकवलं असेल, तर शिडी आहे ना, हे अधूनमधून पाहावं!

डॉक्टरची वही

९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्डच्या मार्क-२ या संगणकात चक्क एक पतंग अडकलेला सापडला. तिथल्या माणसांनी तो चिकटपट्टीनं वहीत चिकटवला आणि खाली नोंद केली. ती वही आजही संग्रहालयात जपलेली आहे. तुम्हीही वही ठेवा : काय दिसलं, काय बदललं, मग काय झालं. काही बदलण्याआधी फाईलची एक प्रत काढा. एका वेळी एकच बदल करा. पाच बदल एकदम केले आणि मेनू सुधारला, तर औषध कुठलं लागू पडलं ते कसं कळणार?

आणि दुरुस्तीला वेळ लागणार असेल, तर पहिल्या पानावर साध्या शब्दांत दुव्यांची यादी लावून टाका. दिसायला ओबडधोबड असेना! फलाटावरची पाटी पडली तर खडूनं फळ्यावर गावांची नावं लिहावी, तसं. आधी माणसाची सोय, मग शोभा.

पालकांनाही एक विनंती. मुलं एफ-१२ दाबून आतल्या ओळी बघत असतील तर घाबरू नका. तिथं केलेला बदल फक्त आपल्याच पडद्यावर दिसतो, पान पुन्हा उघडलं की नाहीसा होतो. मात्र त्या खिडकीत कुणी सांगितलेल्या अनोळखी ओळी टाकायच्या नाहीत आणि शाळेच्या संकेतस्थळाचा परवलीचा शब्द मोठ्यांकडेच राहू द्यायचा.

मग या रविवारी करून पाहणार ना? वहीत दोन रकाने आखा. तुमच्या शाळेचं किंवा गावाचं संकेतस्थळ संगणकावर आणि मोबाइलवर उघडा. मेनूतला प्रत्येक शब्द दाबून पाहा. कुठला उघडतो, कुठला नाही, ते लिहा आणि सोमवारी ती वही बाईंना किंवा गुरुजींना दाखवा.