आजीची छेरछेरा

भिलाईजवळच्या हथखोजला आमची आजी आज अंथरुणाला खिळली आहे. डॉक्टरही फारसे बोलत नाहीत. १९५९ साली पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली, त्यानंतर थोड्याच दिवसांत ती नागपूरहून येथे आली आणि येथलीच झाली.

पौष पौर्णिमेला छत्तीसगडातील मुले घरोघर नवे धान मागतात. हाच छेरछेरा सण. आजीने माझ्याही खांद्याला झोळी अडकवली. आईला ती भीक वाटे. "अगं सूनबाई, हा गावाचा वाटा आहे," आजी म्हणे आणि दारातल्या प्रत्येक मुलाला ओंजळभर धान घाली.

काल तिने क्षीण स्वरात विचारले, "बाळ, कोठीत धान आहे ना?"

कोठी तर केव्हाच मोडली. बाजारातून धान आणून मी सूप तिच्या उशाशी ठेवले. तिने हळूच त्यात बोटे बुडवली.