गाडीतली बंदूक आणि पावसाळ्यातला गंज



सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि पलीकडे गोवा, या मुलखात पीक-संरक्षणाच्या परवान्यावर बंदूक बाळगणारे शेतकरी बरेच आहेत. कुणाकडे ठासणीची, कुणाकडे काडतुसाची. रानडुकरांचा कळप रात्रीतून भाताचा कुणगा कसा लोळवून टाकतो, हे ज्याने सकाळी बांधावर उभं राहून पाहिलं आहे त्याला ही बंदूक कशासाठी, हे सांगायला नको. डुक्कर मारायचं तर वन खात्याची परवानगी लागते, हे खरं. पण पुष्कळदा नुसत्या आवाजानेच काम भागतं. मात्र आवाज काढायचा तरी नळी धड हवी.

आणि ही बंदूक घरातल्या घरात राहत नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली की पुष्कळांना ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. परवान्याच्या कामासाठी न्यावी लागते, कारागिराकडे न्यावी लागते. पूर्वी खांद्यावरून जायची, आता जीपमधून, टेंपोतून जाते. गाडीतून उतरवून चार दिवसांनी गवसणी सोडावी, तर नळीवर तांबूस ठिपके! मालक म्हणतो, ‘‘अहो, पावसाचा थेंब लागू दिला नाही मी!’’ त्याचं म्हणणं खोटं नसतं. पाऊस लागला नाही, पण पाणी लागलं. ते आलं कुठून, हे आज पाहू.

गंज चढायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू. यांतली एक काढून घ्या, गंज थांबला. शिक्षक मंडळींनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा, खर्च काहीच नाही. चार बाटल्या आणि चार नवे, घासून चकचकीत केलेले खिळे घ्या. पहिल्या बाटलीत खिळा अर्धा बुडेल इतकं साधं पाणी. दुसरीत चांगलं खळखळून उकळलेलं पाणी काठोकाठ, आणि वर तेलाचा थर, म्हणजे बाहेरची हवा आत जाणार नाही. तिसरीत पाणी नाहीच. औषधांच्या डब्यांत ओलावा शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या येतात, त्यांतल्या दोन-तीन टाकून बूच घट्ट लावा. चौथीत पहिलीसारखंच पाणी, पण चमचाभर मीठ घालून. आठवड्याने मुलांना बघू द्या. तेलाच्या थराखालचा खिळा पाण्यात बुडालेला असूनही जवळजवळ स्वच्छ राहतो, आणि याचंच मुलांना फार नवल वाटतं. मिठाच्या पाण्यातला मात्र पहिल्यापेक्षाही लवकर लालावतो.

मीठ स्वतः गंजत नाही, गंजवतही नाही. ते पाण्यातून विजेचा सूक्ष्म प्रवाह सहज वाहू देतं, आणि गंजणं ही मुळात एक विजेची क्रियाच आहे. लोखंडाच्या एका ठिपक्यावर धातू विरघळतो, शेजारच्या ठिपक्यावर प्राणवायू खर्ची पडतो. टॉर्चच्या सेलमध्ये जे चालतं त्याचंच हे धाकटं भावंड. शिवाय मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. हवेची सापेक्ष आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांवर गेली की मिठाचा कोरडा कण आपण होऊन ओला होतो. स्वयंपाकघरातल्या मिठाला श्रावणात पाणी सुटतं ते यामुळेच. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वरच असते. त्यात समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे बारीक कण, आणि बंदूक हातात धरणाऱ्याच्या तळव्याच्या घामातही मीठच. बोटांचे ठसे हुबेहूब गंजून उठलेली नळी मी पाहिली आहे. चोर पकडायला उपयोगी पडावी अशी!

आता गाडीतलं पाणी. थंड पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून ‘घाम’ फुटतो, तो तांब्याच्या आतून आलेला नसतो. हवेत वाफेच्या रूपाने पाणी असतंच. गरम हवेत ते जास्त मावतं, गार हवेत कमी. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते, २० अंशांना जेमतेम १७ ग्रॅम. हवा गार झाली की न मावणारं पाणी जी वस्तू गार असेल तिच्यावर बसतं. आता बंद जीपचा हिशेब करा. आत तीन घनमीटर हवा धरू. संध्याकाळी ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असताना काचा वर करून गाडी लावली. रात्री टप तापत नाही, उलट आकाशाकडे उष्णता टाकून गार होतो, आणि आतली हवा २२ अंशांवर आली. दर घनमीटरला पाचएक ग्रॅम पाणी बाहेर पडलं, म्हणजे एकूण पंधरा ग्रॅम. चहाचे तीन चमचे भरतील इतकं. यात ओली छत्री, चिखलाचे बूट, पायाखालचं भिजलेलं गोणपाट धरलेलं नाही. ते धरलं तर गाडी म्हणजे चाकावरची न्हाणीच म्हणायची.

सकाळी दुसरा फेरा. ऊन पडून काचेतून हवा झटकन तापते, गोणपाटातला ओलावा वाफ होऊन उठतो; पण बंदुकीची नळी, जॅक, पाने असलं जड लोखंड सावकाश तापतं. ते गार असेतो त्यावर दव धरतंच. असं रोज रात्री आणि रोज सकाळी. म्हणून गाडीतला पाना घरातल्या पान्यापेक्षा लवकर गंजतो. चुलीवरच्या भिंतीला टांगलेला विळा पाहा, भर आषाढातही तो सहसा कोरडा असतो, कारण तिथलं लोखंड आसपासच्या हवेपेक्षा किंचित उबदार राहतं. गाडीला चूल नाही. (बंदुकीची दारू मात्र चुलीजवळ कधीही नको; विळ्याची गोष्ट वेगळी.)

घाट उतरतानाही हेच होतं. आंबोलीहून सावंतवाडीकडे, महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरलात की वरचं गार लोखंड खालच्या दमट हवेत येतं आणि त्याला तांब्यासारखा घाम फुटतो. अलीकडे याच्या जोडीला एसीची गाडी आली. एसी चालू आहे तोवर आतली हवा कोरडी असते, काही बिघडत नाही. मुक्कामाला दार उघडून गार बंदूक बाहेर काढली आणि लगेच गवसणी सोडली की संपलं, दोन मिनिटांत नळीवर धुकं धरतं. तेव्हा गवसणी बांधलेलीच राहू द्या. तासाभरात लोखंड बाहेरच्या हवेइतकं उबदार होतं, मग सोडा. दव धरायचं ते गवसणीवर धरू दे. सोडल्यावर मात्र बंदूक गवसणीत परत घालू नका. गवसणी प्रवासासाठी असते, मुक्कामासाठी नाही. चामडं आणि कापूस दोन्ही ओलावा धरून ठेवतात, आणि चामडं कमावताना वापरलेल्या द्रव्यांचा अंशही लोखंडाला मानवत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून गाठ मारणारे तर दमट हवाच आत कोंडून ठेवतात.

टेंपोची गोष्ट निराळीच. काल त्यातून खताच्या गोणी आल्या, आज त्याच फळीवर बंदूक किंवा कोयते. म्युरिएट ऑफ पोटॅश हे खत म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचं सख्खं भावंड. फळीच्या फटीत सांडलेलं मूठभर खत पाणी ओढत बसतं आणि वरच्या लोखंडाला डंख करतं. फळी आधी धुऊन वाळवावी, हे सांगायलाही नको. पण धुणारे थोडे.

ठासणीच्या बंदुकीत तर हेच क्षार आतूनच तयार होतात. काळी दारू म्हणजे सुमारे पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा, दहा भाग गंधक. जळाल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग राखेसारखा घनरूपात मागे उरतो. त्यात पोटॅशियमचे क्षार असतात आणि ते हवेतलं पाणी चटकन ओढतात. जुन्या पद्धतीच्या टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असतं. टोपी उडाली की त्याचं क्लोराइड होतं, म्हणजे तेच वर सांगितलेलं खत, आता नळीच्या आत! बार काढल्यावर बहुतेक जण तेलाचा बोळा फिरवतात आणि निर्धास्त होतात. इथेच घात होतो. क्षार तेलात विरघळत नाहीत. तेलाखाली ते सुखाने बसून राहतात, आणि ओलावा हळूहळू तेलातूनही पोचतो. क्षार जातात ते पाण्याने. ऐकायला विचित्र वाटेल, पण बंदूक गंजू नये म्हणून ती आधी पाण्याने धुवावी लागते.

धुण्याआधी बंदूक भरलेली नाही याची खात्री करा. काडतुसाची असेल तर उघडून पाहा. ठासणीची असेल तर टोपी काढा आणि गज नळीत तळापर्यंत सोडा. रिकाम्या नळीत गज कुठवर जातो त्याची खूण गजावर आधीच करून ठेवलेली असावी. खूण तोंडाच्या वर राहिली तर आत काहीतरी आहे, आणि मग पुढचं काम जाणत्याकडे. रिकामी असेल तर नळी दस्त्यापासून सोडवून कढत पाणी आणि साबण यांनी आतून घासा. चिंधी स्वच्छ निघेपर्यंत पाणी बदलत राहा, आणि शेवटी नुसत्या कढत पाण्याने खळबळा. पाणी कढत का? तर नळी तापते आणि आपली आपण वाळते. कोरड्या चिंधीने पुसा, नळी अजून कोमट असतानाच तेलाचा पातळ हात द्या. टोपी बसते ते भोक विसरू नका, गंजाचं बिऱ्हाड तिथे पहिलं.

तेल कोणतं, हा प्रश्न हमखास येतो. खनिज तेल, म्हणजे यंत्राचं किंवा बंदुकीसाठी मिळणारं. खोबरेल थंडीत गोठतं, शेंगदाण्याचं तेल हवेने चिकट होऊन घोडा आणि चाप अडकवतं. रॉकेल साफ करायला बरं, पण उडून गेल्यावर मागे फारसं रक्षण उरत नाही. इंजिनातून काढलेलं जळकं तेल फुकट मिळतं म्हणून लावतात. त्यात आम्लं असतात, आणि ते कातडीलाही घातक आहे. बंदूक महिना-दोन महिने जमा राहणार असेल तर बाहेरून ग्रीजचा पातळ थर बरा, कारण ठाण्यात तुम्ही रोज पुसायला जाणार नाही. परत आल्यावर मात्र नळीतलं ग्रीज आणि तेल पुसून काढल्याशिवाय बार भरू नये.

घरच्या पेटीत ओलावा शोषणारे सिलिका जेलचे दाणे ठेवता येतात. पेटी घट्ट मिटणारी हवी, नाहीतर ते गावभरची हवा सुकवत बसतील. दाणे भरले की मंद आचेवर तव्यात तापवून पुन्हा वापरता येतात. रंग बदलणारे निळे दाणे तेवढे तव्यावर नकोत. त्यांतला कोबाल्टचा क्षार अन्नाच्या भांड्यात जाऊ नये.

नळीचा काळसर-निळा रंग हे काही रंगकाम नव्हे. तो लोखंडाचाच काळा ऑक्साइड. जुने कारागीर नळीवर मुद्दाम गंज चढवत, मग ती पाण्यात उकळत. तांबडा गंज काळा होई, आणि तो घासून पुन्हा गंज, पुन्हा उकळी. हा काळा थर धातूला धरून बसतो, तांबडा मात्र फुगतो, पोकळ राहतो आणि पाणी धरतो. दिल्लीच्या कुतुब परिसरातला लोहस्तंभ सोळाशे वर्षं कसा टिकला, असं मुलं विचारतात. त्याच्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे आणि त्यामुळे पृष्ठावर घट्ट, रक्षक थर तयार झाला. दिल्लीची हवाही कोकणापेक्षा कितीतरी कोरडी. आपल्या बंदुकीच्या पोलादाला यांतलं काहीच लाभलेलं नाही.

वरवरचे ठिपके तेलात भिजवलेल्या अगदी बारीक पोलादी लोकरीने हलक्या हाताने निघतात. वाळूचा कागद नको, त्याने काळा थरही जातो. आत नळीत खड्डे पडले असतील तर मात्र घासून उपयोग नाही. बार उडताना नळीवर आतून प्रचंड दाब येतो, आणि खड्ड्याच्या जागी पत्रा पातळ झालेला असतो. अशी नळी फाटली तर ती धरणाऱ्या डाव्या हाताजवळ आणि चेहऱ्यासमोर फाटते. परवानाधारक कारागिराने तपासून होकार दिल्याशिवाय त्या बंदुकीत दारू भरू नये.

राहता राहिली गाडीत बंदूक ठेवून जाण्याची सवय. १९५९चा शस्त्र कायदा आणि २०१६चे शस्त्र नियम यांप्रमाणे हत्यार सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी परवानेदाराची. बाजारात उभ्या केलेल्या जीपच्या सीटखाली ती पार पडत नाही. रात्रीची गाडी बंदुकीला किती पाणी पाजते ते वर सांगितलंच. पाने, जॅक आणि कोयते गाडीत राहणारच. त्यांना तेलकट चिंधीत गुंडाळून फळीपासून चार बोटं उंच, झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि उघडीप मिळाली की दारं उघडून गाडीला ऊन दाखवा. गोणपाट मात्र आधी बाहेर काढा.