फॉरमॅट मारण्याआधी लॉग वाचा

विंडोजचं नवं व्हर्जन टाकायला घेतलं, टक्केवारी हळूहळू चढत गेली, मशीन दोन-तीनदा आपोआप रीस्टार्टही झालं. आता काम संपत आलं असं वाटत असतानाच पडद्यावर सूचना येते, की संगणकात केलेले बदल मागे घेतले जात आहेत. थोड्या वेळाने जुनं विंडोज पुन्हा समोर उभं राहतं आणि सोबत एक अगम्य कोड. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. घरातल्या, दुकानातल्या, शाळेच्या लॅबमधल्या जुन्या मशीनवर विंडोज ११ टाकू पाहणाऱ्या कोणाच्याही वाट्याला हा प्रसंग येऊ शकतो.

यावर आपल्याकडे एक सल्ला हमखास मिळतो: ‘फॉरमॅट मारून टाका.’ त्याने पुष्कळदा काम भागतंही, पण त्याची किंमत मशीनच्या मालकाला मोजावी लागते. बॅकअप नसेल तर फोटो आणि टॅलीचा डेटा जातो. डीटीपीचं काम करणाऱ्याला श्रीलिपी किंवा सी-डॅकचं आयएसएम पुन्हा बसवावं लागतं, जुने फॉन्ट शोधत फिरावं लागतं. एवढं करूनही बिघाडाचं कारण कळलेलं नसतंच. दोष हार्ड डिस्कमध्ये किंवा रॅममध्ये असेल, तर नव्या कोऱ्या विंडोजलाही तोच दोष वारशाने मिळतो.

वास्तविक ते कारण बहुतेक वेळा त्याच मशीनमध्ये लिहून ठेवलेलं असतं. ऑपरेटिंग सिस्टिम बसवणारा प्रोग्रॅम आपलं प्रत्येक पाऊल तारीख-वेळेसह एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये नोंदवत जातो. हीच लॉग फाइल. ती उघडायला नोटपॅड पुरतं. हवी असते ती थोडी सवय आणि कुठे बघायचं याची माहिती.

कोडमध्येच अर्धा पत्ता

सुरुवात पडद्यावरच्या कोडपासून करावी. तो घाईने बंद न करता मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवावा. अपग्रेड फसलं की विंडोज बहुधा दोन आकडे देतं. पहिला काय बिघडलं ते सांगतो, दुसरा कुठे बिघडलं ते. दोन्हींच्या सुरुवातीला ‘शून्य एक्स’ असतं. पुढचा आकडा हेक्साडेसिमल, म्हणजे सोळाच्या पटीत मोजलेला आहे, एवढाच त्याचा अर्थ.

८००७००७० हा कोड घ्या. सुरुवातीच्या ८००७ चा अर्थ असा, की ही विंडोजची नेहमीची, क्रमांक दिलेली चूक आहे. शेवटचे ७० सोळाच्या हिशेबात, म्हणून ७ गुणिले १६, म्हणजे ११२. आता कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘नेट हेल्पएमएसजी ११२’ ही आज्ञा इंग्रजीत दिली, तर विंडोज स्वतःच उत्तर देतं: डिस्कवर पुरेशी जागा नाही. जे मशीन फॉरमॅट करायला निघालो होतो, त्याला फक्त सी ड्राइव्हवर जागा करून हवी होती.

दुसऱ्या आकड्याचा पहिला अंक टप्पा दाखवतो. विंडोजचं अपग्रेड चार टप्प्यांत होतं. १ म्हणजे जुनं विंडोज चालू असतानाची तयारी. २ म्हणजे ‘सेफ ओएस’, एका छोट्या तात्पुरत्या विंडोजमधून चालणारं काम. ३ म्हणजे नव्या विंडोजचं पहिलं बूट आणि ४ म्हणजे दुसरं. उरलेले अंक त्या टप्प्यातली क्रिया सांगतात. २००१७ असेल तर सेफ ओएसच्या टप्प्यात, बूट होतानाच गाडं अडलं. ४०००डी असेल तर दुसऱ्या बूटमध्ये, जुना डेटा आणि सेटिंग नव्या विंडोजमध्ये आणताना.

काही कोड थेट बोलतात. सी१९००२०० म्हणजे मशीन किमान अटींत बसत नाही. विंडोज ११ ला ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क आणि टीपीएम २.० लागतं. सी१९००२०८ म्हणजे एखादं जुनं सॉफ्टवेअर आड येतंय. सगळ्यांत मोघम कोड सी१९००१०१. तो बहुधा ड्रायव्हरकडे बोट दाखवतो, पण कोणत्या ड्रायव्हरकडे, ते सांगत नाही. त्यासाठी लॉगच उघडावा लागतो.

फाइली कुठे सापडतात

विंडोजमध्ये दोन नावं लक्षात ठेवावीत. ‘सेटअपॲक्ट.लॉग’मध्ये सगळी हकिकत असते आणि ‘सेटअपएर.लॉग’मध्ये फक्त चुका. इन्स्टॉलेशन पुरं झालेलं असेल तर त्या सी ड्राइव्हवर ‘विंडोज’ फोल्डरमधल्या ‘पँथर’ या फोल्डरमध्ये असतात. अपग्रेड अर्ध्यावर फसलं असेल तर ‘$विंडोज.~बीटी’ या लपवलेल्या फोल्डरमध्ये, ‘सोर्सेस’च्या आत, पुन्हा ‘पँथर’मध्ये बघायचं. बदल मागे घेतले गेले असतील तर शेजारचा ‘रोलबॅक’ फोल्डर महत्त्वाचा. ड्रायव्हरचा संशय असेल तर ‘सेटअपएपीआय.डेव्ह.लॉग’ पाहावा. कोणतं उपकरण ओळखलं, कोणता ड्रायव्हर बसवायचा प्रयत्न झाला, हे त्यात सापडतं.

जागा करण्याच्या भरात आधीच ‘डिस्क क्लीनअप’ चालवू नका. तात्पुरत्या इन्स्टॉलेशन फाइली आणि अपग्रेडचे लॉग हे त्या यादीतले वेगळे पर्याय आहेत. त्यांवर टिक केली की पुरावा गेला.

मायक्रोसॉफ्टचं ‘सेटअपडायग’ हे मोफत साधन हेच लॉग स्वतः वाचून ओळखीचे दोष शोधतं. विंडोज १० च्या २००४ व्हर्जनपासून ते सेटअपसोबतच येतं. अपग्रेड फसलं की ते आपोआप चालतं आणि त्याचा निष्कर्ष ‘विंडोज’च्या ‘लॉग्ज’ फोल्डरमध्ये ‘सेटअपडायग’ नावाखाली मिळतो. आधी तिथे नजर टाकावी. उत्तर मिळालं तर पुढचे कष्ट वाचतात.

खालून वर वाचायचं

सेटअपॲक्ट.लॉग पहिल्यांदा उघडला की माणूस हबकतो. हजारो ओळी असतात. पण प्रत्येक ओळीची घडण एकच: आधी तारीख आणि वेळ, मग ‘इन्फो’, ‘वॉर्निंग’ किंवा ‘एरर’ असा दर्जा, मग सेटअपच्या कोणत्या भागाने नोंद केली त्याचं आद्याक्षरी नाव, आणि शेवटी मजकूर. ‘एमआयजी’ म्हणजे डेटा हलवणारा भाग, ‘एसपी’ म्हणजे सेटअपचा मुख्य भाग.

हा मजकूर वरून खाली वाचत बसू नये. फाइलच्या शेवटी जाऊन मिळालेला कोड वरच्या दिशेने शोधावा. तो जिथे शेवटचा सापडेल तिथे थांबून आधीच्या काही ओळी नीट वाचाव्यात. शेवटची चूक बहुतेकदा परिणाम असते. एखादी फाइल वाचता आली नाही म्हणून डेटा हलवणं थांबलं, ते थांबलं म्हणून सेटअप थांबला, सेटअप थांबला म्हणून पडद्यावर कोड आला. आपल्याला त्या साखळीची पहिली कडी हवी असते.

मायक्रोसॉफ्टच्या तांत्रिक माहितीत याचं एक चांगलं उदाहरण आहे. अपग्रेड फसलं आणि ८००७०४२बी – ४०००डी असा कोड आला. ४२बी म्हणजे दशमानात १०६७, ‘प्रक्रिया अनपेक्षितपणे बंद पडली’. यातून हाती काही लागत नाही. ४०००डी वरून एवढं कळलं, की डेटा हलवताना गाडं अडलं. सेटअपएर.लॉगमध्ये मात्र ५७० या क्रमांकाची चूक होती. दशमानात १३९२, अर्थ: फाइल खराब झाली आहे, वाचता येत नाही. त्याच ओळीत त्या फाइलचा पूर्ण पत्ताही होता. ती सिस्टिमच्या प्रमाणपत्राची एक फाइल होती आणि काढून टाकली तरी चालण्यासारखी होती. सेटअपॲक्टमध्ये नेमक्या त्याच वेळेला काम सोडून दिल्याची नोंद मिळाली आणि दोन्ही फाइलींचा मेळ बसला. अख्खं अपग्रेड एका खराब फाइलपाशी अडलं होतं. अशा वेळी ती फाइल दूर करावी, ‘चेकडिस्क’ने डिस्क तपासावी आणि सेटअप पुन्हा चालवावा. फाइल मुळात खराब का झाली, याचाही छडा त्या तपासणीत लागू शकतो.

वेळेचा हा मेळ फार मोलाचा आहे. मेल गाडी कुठे रखडली हे जसं प्रत्येक स्टेशनच्या नोंदवहीतली वेळ जुळवून कळतं, तसं एकाच मिनिटाला वेगवेगळ्या लॉगमध्ये काय लिहिलंय ते शेजारी-शेजारी ठेवून पाहावं.

रीस्टार्ट करण्याआधी कॉपी

कोऱ्या डिस्कवर पेनड्राइव्हवरून विंडोज टाकताना अडचण आली, तर एक गोष्ट लक्षात ठेवलीच पाहिजे. तेव्हा सेटअप रॅममध्ये तयार केलेल्या एक्स ड्राइव्हवरून चालत असतो आणि सुरुवातीचे लॉगही तिथल्याच ‘विंडोज\पँथर’मध्ये असतात. बटण दाबून मशीन बंद केलं की ते पुसले जातात. म्हणून सेटअपच्या पडद्यावरच शिफ्ट आणि एफ१० दाबावं. काही लॅपटॉपवर सोबत एफएन लागतं. कमांड प्रॉम्प्ट उघडतो. त्यातून नोटपॅड चालू करून लॉग वाचताही येतो आणि पेनड्राइव्हवर सेव्हही करता येतो.

लिनक्सलाही हाच नियम आहे. डेबियन बसवताना डावं ऑल्ट आणि एफ४ दाबलं की इन्स्टॉलरच्या नोंदी समोर धावताना दिसतात. ग्राफिकल इन्स्टॉलर असेल तर सोबत कंट्रोलही दाबायचं. डेबियनच्या मेनूत डीबग लॉग जतन करण्याची वेगळी सोय आहे. फेडोरा आणि रेड हॅटचा ‘ॲनाकोंडा’ इन्स्टॉलर ‘टीएमपी’ फोल्डरमध्ये विषयवार फाइली ठेवतो. ‘स्टोरेज.लॉग’मध्ये डिस्क आणि पार्टिशनची हकिकत असते, ‘पॅकेजिंग.लॉग’मध्ये सॉफ्टवेअर पॅकेजची, तर ‘प्रोग्रॅम.लॉग’मध्ये इन्स्टॉलरने चालवलेल्या बाहेरच्या आज्ञांची. इन्स्टॉलेशन नीट पार पडलं तर डेबियन आणि उबंटूमध्ये हे सगळं ‘व्हार’मधल्या ‘लॉग’ फोल्डरात ‘इन्स्टॉलर’ नावाने आणि फेडोरात ‘ॲनाकोंडा’ नावाने उरतं. फसलं आणि रीस्टार्ट केलं, तर रॅममधलं सगळं जातं. मॅकवर इन्स्टॉलर चालू असताना कमांड आणि एल दाबलं की लॉगची खिडकी उघडते.

लॉग वाचताना सांभाळायच्या गोष्टी

‘एरर’ शब्द दिसला म्हणजे दोषी सापडला, असं मानू नये. सुरळीत झालेल्या इन्स्टॉलेशनच्या सेटअपएर.लॉगमध्येही चुकांच्या नोंदी असतात. सेटअप अनेक गोष्टी करून पाहतो आणि जमल्या नाहीत तर पुढे जातो. ज्या चुकीनंतर काम थांबलं, तीच आपल्या कामाची.

कधी लॉग मध्येच तुटलेला असतो. एरर नाही, निरोप नाही, ओळी अचानक संपतात. हीसुद्धा एक साक्षच आहे. लिहिणाऱ्या प्रोग्रॅमला लिहायला सवडच मिळाली नाही, म्हणजे वीज गेली, मशीन गोठलं, किंवा रॅम, डिस्क, ड्रायव्हर यांपैकी कशाने तरी सगळंच पाडलं. शेवटच्या ओळीत कोणत्या उपकरणाचं काम चालू होतं ते बघावं. प्रिंटर, डाँगल, जादाची डिस्क काढून ठेवावी, रॅम तपासावी आणि मग पुन्हा प्रयत्न करावा.

कोणाला लॉग पाठवताना तो आधी डोळ्यांखालून घालावा. त्यात युजरचं नाव, संगणकाचं नाव, फोल्डरचे पत्ते असतात. ऑफिसचं किंवा दवाखान्याचं मशीन असेल तर ही काळजी दुप्पट घ्यायला हवी.

जिथे जिथे विंडोज किंवा लिनक्स टाकायला शिकवतात, त्या प्रत्येक वर्गात लॉग वाचण्यासाठी एक तास राखून ठेवायला हवा. मुलांच्या हातात फसलेल्या इन्स्टॉलेशनचा खरा लॉग द्यावा आणि पहिली कडी शोधायला लावावी. या एका तासाने ‘टाकून देणारा’ आणि ‘दुरुस्त करणारा’ यांतला फरक त्यांना कळेल. आणि ग्राहक म्हणून आपणही दुकानात मशीन ठेवताना एवढं जरूर विचारावं: ‘लॉगमध्ये काय आलंय?’ ज्याने लॉग पाहिलाय, तो फॉरमॅट करायला सांगेल तेव्हा त्यामागचं कारणही सांगू शकेल. कारण कळल्यावर फॉरमॅटचा निर्णय आपण स्वतः, बॅकअप घेऊन, निश्चिंत मनाने करू शकतो.