वाडी आणि होडी : कोणाचा हिशेब खरा?

मुरुडच्या वाड्यांतून फिरताना एक वाद हमखास कानावर येतो. बागायतदार म्हणतो, "कोळ्यांचं बरं आहे, होडी लागली की रोकड हातात." एकदऱ्याचा नाखवा म्हणतो, "तुमची झाडं उभी आहेत भाऊ, आमचं डिझेल रोज जळतं." खोटं कोणीच बोलत नाही. दोघांची मापं तेवढी वेगळी आहेत.

सुपारी-नारळाची वाडी आणि मासेमारी या आपल्या तालुक्यातल्या दोन छोट्या अर्थव्यवस्थाच म्हणायच्या. त्यांची तुलना करायची तर तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली, खर्च वजा करा. लिलावात मासळीची किती रक्कम झाली हे उत्पन्न नव्हे. डिझेल, बर्फ, जाळी, खलाशांचा वाटा गेल्यावर उरेल ते खरं. वाडीतही शिंपणं, खत, पाडेकऱ्याची मजुरी आणि घरच्या माणसांचे श्रम धरायलाच हवेत.

दुसरी, महागाई काढून टाका. समजा, दहा वर्षांपूर्वी वाडीतून निव्वळ ४०,००० रुपये सुटले आणि तांदूळ २५ रुपये किलो होता, तर १६ क्विंटल तांदूळ आला असता. आज ६०,००० सुटले, पण तांदूळ ५० रुपये झाला, तर १२ क्विंटलच येईल. आकडा दीडपट झाला, पण घरात तांदूळ चार क्विंटल कमी आला! सरकारी आकडेवारीत 'चालू किंमती' आणि 'स्थिर किंमती' असा जो फरक करतात, तो हाच.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : एका वर्षावर निकाल देऊ नका. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आलं. होड्यांचंही नुकसान झालं. पण होडी दुरुस्त झाली की पुढच्या हंगामात समुद्रात जाते. सुपारीचं रोप लावल्यापासून फळ धरायला पाच ते सात वर्षं लागतात, बाणवली नारळाला सहा ते आठ. म्हणजे वाडीवाल्याचं एका वर्षाचं पीक गेलं नाही, पुढच्या कित्येक वर्षांचं गेलं. पडलेली झाडं विकून त्या वर्षी चार पैसे जमेला दिसले असतील, तर ते उत्पन्न नव्हे, भांडवल मोडलं. उलट, समुद्रातली मासळी घटते ती कोणाला पडलेली दिसत नाही. एका फेरीला पूर्वी किती डिझेल लागायचं आणि आता किती लागतं, यावरून ती कळते.

माप चुकलं की काय होतं, हेही त्या वेळी दिसलं. फळबागांना हेक्टरी ५०,००० रुपये मदत जाहीर झाली. आपल्याकडे वाड्या गुंठ्यांत. दहा गुंठ्यांना आले सुमारे ५,००० रुपये. पावणेतीन मीटरच्या आसपास अंतर धरलं तर एवढ्या जागेत सुपारीची सुमारे १३८ झाडं बसतात. म्हणजे झाडामागे ३६ रुपये. पुढे झाडामागे सुपारीला ५० आणि नारळाला २५० रुपये असा हिशेब आला. माप जमिनीचं न राहता झाडाचं झालं, पण झाडाच्या वयाचं मात्र झालं नाही.

म्हणून बागायतदारांनी आणि नाखव्यांनी एक वही घालावी. जमा, खर्च, त्या वर्षीचा तांदळाचा भाव आणि घरच्या माणसांचे कामाचे दिवस असे चार रकाने पुरेत. वाडीवाल्यांनी झाडांची संख्या व लागवडीचं वर्षही लिहावं आणि झाडांची नोंद ई-पीक पाहणीत करावी. नव्या लागवडीत मधल्या वर्षांसाठी केळी, पुढे मिरी, जायफळ घ्यावं. ग्रामपंचायतीने अशा दहा-बारा वह्यांची बेरीज दरवर्षी ग्रामसभेत वाचली, तर गावाची आर्थिक स्थिती गावालाच कळेल.

पुढचं वादळ सांगून येणार नाही. त्यानंतर पंचनाम्याला माणूस येईल, तेव्हा आठवणीतला आकडा चालत नाही. वहीतला चालतो.